अण्णांचं पेट स्कॅन झालं, आता एमआरआय आणि ईबस पण सांगितलंय, मग ऑपरेशन कधी?

इचलची_लेक

नमस्कार मंडळी, इथं बरीच जाणती माणसं येतात म्हणून विचारते, घरात कुणालाच नीट कळंना झालंय. माझे वडील, अण्णा, वय ६३, इचलकरंजीत ३५ वर्षं यंत्रमागावर काढली, बिडी सोडून ८ वर्षं झाली. दिवाळीनंतर खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला, त्यात डाग, मग सीटी, त्यात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ३.४ सेंमीची गाठ, दोन फुफ्फुसांच्या मधे एक १३ मिमीची लिम्फ नोड आणि डाव्या ॲड्रिनलवर (किडनीच्या वरची ग्रंथी) पण १.८ सेंमीचं काहीतरी. सुईनं तुकडा काढला तर ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार.

मग पेट सीटी करायला सांगितलं. पहिल्या दिवशी गेलो तर शुगर २३६ निघाली म्हणून परत पाठवलं, अण्णा सकाळपासून उपाशी, गाडीभाडं वेगळंच, मला तर रडूच आलं. चार दिवसांनी झालं एकदाचं. रिपोर्टमध्ये लिहिलंय की फुफ्फुसातल्या गाठीची एसयूव्ही ११.२, ४आर नोडची (तीच मधली) ५.६, ॲड्रिनलमध्ये काही अपटेक नाही. अण्णा विचारतात एसयूव्ही म्हणजे गाडी ना गं, मी काय सांगू.

आता डॉक्टर म्हणतात मेंदूचा एमआरआय करा आणि त्यानंतर ईबस, म्हणजे घशातून दुर्बीण घालून परत सुई. अख्ख्या अंगाचं पेट झालंय ना, मग मेंदू वेगळा कशाला? आणि नोड पेटलीय हे दिसतंयच तर परत सुई कशाला? मामा म्हणतात सुई लावली की कॅन्सर पसरतो, आधी कापून टाका मग काय तपासायचं ते तपासा. ३ आठवडे असेच गेलेत. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

फिल्मवाला

ताई, मी डॉक्टर नाही, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं हेच मशीन चालवतोय, तर मशीनचं काय ते सांगतो, उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी शुगरचं, कारण तुम्हाला परत पाठवलं त्याचा राग बरोबर आहे पण कारणही खरं आहे. पेटमध्ये आम्ही जे इंजेक्शन देतो ते एफडीजी, म्हणजे साधारण ग्लुकोजच, त्याला फ्लोरिन-१८ चिकटवलेलं. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारख्या ओढतात (हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकातच दाखवलं होतं) म्हणून त्या जागा चमकतात. अण्णांना सांगा, किती साखर ओढली (त्यालाच अपटेक म्हणतात) त्याचा आकडा म्हणजे एसयूव्ही. पण रक्तात आधीच भरपूर साखर फिरत असली तर आमच्या साखरेला दारातच गर्दी, गाठ हवी तेवढी चमकत नाही. म्हणून साधारण २०० च्या खाली असल्याशिवाय आम्ही देत नाही. आणि तिथल्या तिथे इन्सुलिन टोचून शुगर पाडली तर साखर सगळी स्नायूंत घुसते, मग फोटोत हातपाय चमकतात आणि गाठ फिकी. औषधाला अर्धं आयुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे दर ११० मिनिटांनी निम्मं संपतं, छोट्या गावांत ते सकाळी सायक्लोट्रॉनवरून (ते बनवणारं मोठं मशीन) गाडीनं येतं, ते उद्यासाठी ठेवताच येत नाही. म्हणून "थांबा दोन तास, बघू शुगर उतरते का" हे दरवेळी जमत नाही. पण आदल्या दिवशी फोन करून मधुमेह आहे का, गोळ्या कुठल्या, हे सेंटरनं विचारायला हवं होतं, ते झालं नसेल तर चूक त्यांची.

आता मेंदूचं. पहिली गोष्ट, रिपोर्ट नीट वाचा, बहुतेक पेट कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच असतं, "अख्खं अंग" हे आपण बोलायला म्हणतो. आणि मेंदू घेतला असता तरी उपयोग कमीच, कारण मेंदू दिवसरात्र साखरेवरच चालतो, तो सगळाच झगमगतो. दिवाळीत आकाशकंदील लावलेल्या गल्लीत एक पणती शोधायला सांगितल्यासारखं आहे. ५-६ मिमीचा ठिपका मेंदूत बसला असेल तर तो कॉन्ट्रास्ट दिलेला एमआरआयच दाखवतो. फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूत जायला आवडणाऱ्यांपैकी आहे, आणि माणसाला डोकेदुखी-चक्कर काहीच नसतानाही गेलेला असू शकतो. किडनीसाठी क्रिएटिनिन बघतील, अंगात पेसमेकर किंवा जुनी क्लिप असेल तर आधी सांगा.

सीटी आणि पेट यांचं पण एकदा सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं पेट केलं की सीटी फुकट गेलं. सीटी म्हणजे नकाशा. गल्ली कुठली, घर कुठलं, गाठ छातीच्या भिंतीला लागलीय का, मोठ्या शिरेला चिकटलीय का, हे बारकाईनं तोच दाखवतो. पण १३ मिमीची नोड आतून कशी आहे ते त्याला कळत नाही. सीटीवाले नोडच्या आखूड बाजूची रुंदी १० मिमीच्या वर गेली की मोठी म्हणतात, बस, एवढाच नियम. आणि लिम्फ नोड तर कशानंही फुगते, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तसंच छातीत पण. उलट ७ मिमीच्या नोडमध्ये कॅन्सर लपलेला असू शकतो. पेट सांगतं कुठं पेटलंय (नावातच आहे), पण नुसतं पेट म्हणजे रात्री विमानातून खाली दिवे बघितल्यासारखं, गाव आहे एवढं कळतं, कुठलं ते कळत नाही. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच झोपण्यात घेतले की दिवा नेमका कुठल्या घरात आहे ते कळतं. आधी दोन वेगळ्या फिल्म समोर टांगून डॉक्टर मनातल्या मनात जुळवायचे. झुरिकच्या लोकांनी २००३ मध्ये ४९ पेशंटमध्ये बघितलं तर एकत्र मशीननं २० जणांत अशी जादा माहिती दिली जी शेजारी शेजारी ठेवून मिळाली नव्हती. आपल्या देशातलं पहिलं पेट मुंबईत परळला आरएमसीत (रेडिएशन मेडिसिन सेंटर) २००२ साली सुरू झालं, मी तेव्हा शाळेत होतो.

एक राहिलंच, त्यात पण गोची असते. सीटी काही सेकंदात होतो आणि पेट १५-२० मिनिटं, तेवढा वेळ माणूस श्वास घेतच राहणार. म्हणून डायफ्रॅमजवळची (छाती आणि पोटाच्या मधला पडदा), खालच्या भागातली छोटी गाठ पसरट दिसते. अण्णांची वर आहे, तिथं हा त्रास कमी.

रोखठोक_नाना

सगळा पैशाचा खेळ आहे. सीटी घ्या, पेट घ्या, एमआरआय घ्या, दुर्बीण घ्या. आमच्या वेळी एक एक्स-रे काढायचे आणि सर्जन हात घालायचा. माणूस चालता फिरता आहे तोवर ऑपरेशन करून टाका. एवढं रेडिएशन वर.

सातपुडा

नाना, तुमच्या वेळचंच सांगतो. १९९८, माझे वडील, सीटी झाला होता फक्त, गाठ काढता येईल म्हणाले. छाती उघडली, बघितलं तर मधल्या गाठी पार मोठ्या शिरांना लपेटलेल्या, तसंच शिवून बाहेर. बरगड्या फाकवल्याचं दुखणं त्या माणसानं ४ महिने काढलं, ५ महिने जगले. त्यातले ४ महिने टाक्यांच्या दुखण्यात. मला आजही कुणी "उघडून बघू" म्हटलं की पोटात गोळा येतो. तेव्हा पेट नव्हतंच आपल्याकडे, कुणाला दोष देत नाही. पण रेडिएशनची भीती ६३ वर्षांच्या, हातात कॅन्सरचा रिपोर्ट असलेल्या माणसाला घालू नका हो.

वॉर्ड_नंबर_नऊ

मी छातीच्या सर्जरीत रेसिडेंट आहे, नाइट ड्युटीतून टाइप करतोय, चुकीला माफी.

सातपुडा दादांनी जे सांगितलं त्याला आमच्याकडे फ्यूटाइल थोरॅकोटॉमी म्हणतात, म्हणजे फुकट उघडलेली छाती. हॉलंडमध्ये २००२ ला १८८ पेशंटवर ट्रायल झाली, अर्ध्यांना नेहमीच्या तपासण्या, अर्ध्यांना त्याशिवाय पेट. नुसत्या नेहमीच्या तपासण्यांत ४१ टक्के लोकांची छाती फुकट उघडली गेली, पेटवाल्यांत २१ टक्के. म्हणजे ५ जणांत १ माणूस वाचला त्या टाक्यांतून. फुकट याचा अर्थ फक्त उघडून बंद केलेले नाहीत, नंतर मधल्या गाठीत कॅन्सर निघालेले, वर्षाच्या आत परत उलटलेले पण त्यात धरलेत. डेन्मार्कनं २००९ ला पेट-सीटी घेऊन १८९ लोकांत असंच केलं, फुकट ऑपरेशनं (टक्के नव्हे, माणसं) नेहमीच्या तपासण्यांत ३८, पेट-सीटीवाल्यांत २१. पण त्याच ट्रायलमध्ये लोक जास्त जगले असं मात्र दिसलं नाही, हे पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेट कुणाला बरं करत नाही, ज्याला ऑपरेशनचा फायदा होणार नाही त्याला टेबलावर घेण्यापासून वाचवतं.

ताई, आता तुमचा खरा प्रश्न, नोड पेटलीय तर सुई कशाला. कारण या एका नोडवर अण्णांचा अख्खा प्लॅन फिरतोय. गाठ फुफ्फुसापुरती असेल, किंवा फुफ्फुसाच्या मुळाशीच्या नोडपर्यंत (एन१), तर सरळ ऑपरेशनचा विचार होतो. त्याच बाजूच्या मधल्या भागातली नोड खरंच कॅन्सरची असेल (एन२, तुमची ४आर तिथलीच, श्वासनळीच्या उजव्या अंगाला) तर बहुतेक ठिकाणी आधी औषधं, मग ऑपरेशन, किंवा केमो-रेडिएशन. पलीकडच्या बाजूची असेल (एन३) तर ऑपरेशन नाही. २०२५ पासून स्टेज ठरवायच्या नियमांची (टीएनएम) जी नवीन ९वी आवृत्ती आलीय त्यात तर एन२ चे पण दोन भाग केलेत, एकाच ठिकाणची नोड असेल तर एन२ए, जास्त ठिकाणच्या असतील तर एन२बी. म्हणजे "एक का अनेक" एवढ्यासाठी पण सुई लागते.

आणि पेटलेली प्रत्येक नोड कॅन्सरची नसते, आपल्याकडे तर नाहीच नाही. टीबी, जुना टीबी, सार्कॉइड नावाचा आजार, धुळीच्या कामातल्या माणसांच्या काळ्या पडलेल्या नोड, सगळ्या साखर खातात. यंत्रमागावर ३५ वर्षं कापसाची धूळ खाल्लेल्या माणसाची नोड ५.६ नं चमकली म्हणून मी तरी त्याचं ऑपरेशन रद्द करणार नाही, आणि नुसतं "धूळ असेल" म्हणून ऑपरेशन पण करणार नाही. तुकडा लागतोच. उलटंही लक्षात ठेवा, पेटमध्ये काही न दिसलेल्या नोडमध्ये पण बारीक कॅन्सर निघतो. युरोपियन सर्जन लोकांचा साधारण नियम असा की गाठ ३ सेंमीच्या आत, फुफ्फुसाच्या कडेला, सीटीत नोड मोठी नाही आणि पेटमध्ये पेटलेली नाही, असं सगळं जुळलं तरच सुई टाळता येते. अण्णांची गाठ ३.४, नोड १३ मिमी आणि वर पेटलेली. यातल्या तीन अटी तर बसतच नाहीत.

ईबसला घाबरू नका. झोपेचं औषध देतात, दुर्बिणीच्या टोकाला छोटी सोनोग्राफी असते, श्वासनळीच्या आतून नोड समोर दिसते आणि दिसता दिसता सुई. टाका नाही. निगेटिव्ह आलं पण तरी संशय राहिला तर मानेच्या खाली छोटा छेद देऊन दुर्बिणीनं मधल्या नोड काढून बघतात (मेडियास्टिनोस्कोपी), त्याला भूल लागते. मामांना सांगा, या सुईनं कॅन्सर पसरतो म्हणून टाळणं चूक आहे, न तपासता कापणं जास्त महागात पडतं.

तुकडा कॅन्सरचा निघाला तर त्याच्यावरच ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या टेस्ट करून घ्या, ॲडिनोकार्सिनोमात औषधं त्यावर ठरतात. आणि मधल्या दिवसांत फुंकायचा व्यायाम सुरू करा, पीएफटी (फुफ्फुसाची ताकद मोजायची टेस्ट) होणारच आहे.

माहेर_वर्धा

माझ्या आत्याचं सांगते, फार लांबवत नाही. ५८ वय, डाव्या बाजूला २ सेंमीची गाठ, पेटमध्ये मधल्या गाठी दोन्हीकडं लख्ख. एका ठिकाणी पेट बघूनच सांगितलं चौथी स्टेज, ऑपरेशन नाही, घरी न्या. घरात रडारड, आत्यानं दागिने वाटायला काढले. भाऊ हट्टी, दुसरीकडे नेलं, ईबस केलं तर ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तशा बारीक गाठी), सीबीनॅट म्हणजे टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह, टीबी! दोन्हीकडची चमक टीबीची आणि गाठ मात्र खरोखर कॅन्सरची. आधी काही आठवडे टीबीच्या गोळ्या, मग ऑपरेशन झालं, टीबीचा कोर्स नंतर पुढं चालूच होता. आज ४ वर्षं झाली, दागिने परत मागून घेतलेत, एक पाटली अजून चुलत बहिणीकडेच आहे ती काही परत येत नाही.

पण हे वाचून तुमच्या अण्णांचं पण टीबीच असणार असं मनात धरून बसू नका, आम्ही तसं धरलं असतं आणि उलट निघालं असतं तर जास्त मोडलो असतो.

रोखठोक_नाना

बरं, टीबीचं माहीत नव्हतं. पण खर्चाचं कुणी बोलत नाही.

माहेर_वर्धा

नाना खर्चाचं खरं आहे. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो बसतं, तपासण्यांपैकी काय बसतं ते त्याच हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारून घ्यायचं, तपासणी करायच्या आधी, नंतर नाही. आमचं पेट खिशातूनच गेलं. आणि मुंबईला जायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी.

इचलची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, अण्णांना सगळं वाचून दाखवलं, आकाशकंदिलाचं त्यांना आवडलं. ॲड्रिनलचं कुणी बोललं नाही पण, ते १.८ सेंमीचं काय? तिथं पण सुई घालणार का?

फिल्मवाला

ते मी विसरलो. ॲड्रिनलवर साध्या निरुपद्रवी गाठी खूप लोकांना असतात, कळतच नाहीत, दुसऱ्याच कशासाठी सीटी काढला की सापडतात. पेटमध्ये तिथं अपटेक नाही ही चांगली खूण. रेडिओलॉजिस्टला विचारा की कॉन्ट्रास्ट न दिलेल्या सीटीत तिचा हाउन्सफील्ड (सीटीतला घनतेचा आकडा) किती आला, १० च्या खाली असेल तर आत चरबी जास्त, म्हणजे साधी ॲडिनोमा. मधलंच काहीतरी आलं तर ॲड्रिनलचा एमआरआय करतात, एक मशीन अडलं की दुसरं विचारायचं, असं चालतं हे. संशय राहिलाच तर तिथं पण सुई, कारण एका ॲड्रिनलवरून माणसाला चौथ्या स्टेजमध्ये टाकणं साधी गोष्ट नाही.

आणि सगळ्या सीडी जपून ठेवा, नुसते कागदी रिपोर्ट नकोत. सर्जनला फोटो स्वतः बघायचे असतात. फार दिवस गेले तर पेट परत करावं लागेल म्हणतात, ते टाळायचं तर एमआरआय आणि ईबसच्या तारखा एकाच आठवड्यात मागा.

इचलची_लेक

१२ दिवसांनी लिहितेय. मेंदूचा एमआरआय स्वच्छ. ॲड्रिनलचा आकडा ४ आला, साधी गाठ म्हणाले, सोडून दिली. ईबस झालं, अण्णा त्याच दिवशी संध्याकाळी घरी, घसा बसला होता दोन दिवस, भाताची पेज मागत होते. ४आर मध्ये कॅन्सर निघाला. ७ नंबरची नोड पण सुई घालून बघितली, ती स्वच्छ, आणि पलीकडची ४एल पण स्वच्छ. म्हणजे एकच ठिकाण, एन२ए. टीबी नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं संपलं सगळं. पण डॉक्टरांनी कागदावर फुफ्फुस काढून दाखवलं, कुठलं स्वच्छ कुठलं नाही, म्हणाले आंधळेपणानं उघडलं असतं तर हे टेबलावर कळलं असतं. ईजीएफआर, एएलकेचा रिपोर्ट यायचाय. ते निगेटिव्ह आलं तर आधी केमो आणि इम्युनोथेरपी ३ वेळा, मग परत पेट-सीटी, मग ऑपरेशन ठरवणार. मामा आले होते, त्यांनी कागद उलटा धरून बघितला आणि गप्प बसले.

फिल्मवाला दादा, पुढच्या पेटच्या वेळी शुगर वर जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी अण्णांना नेमकं काय खायला द्यायचं? मेटफॉर्मिन चालू आहे. भाकरी चालेल ना? ती सोडायला ते तयार नाहीत.

फिल्मवाला

भाकरी-पिठलं-पालेभाजी चालेल, थोडीच, रात्री लवकर. गोड, भात, फळं, ऊस नको. पेटच्या आधी निदान ६ तास फक्त साधं पाणी, ते मात्र भरपूर. मेटफॉर्मिननं आतडी चमकतात म्हणून काही सेंटर दोन दिवस आधी बंद करायला सांगतात, पण ते शुगरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः बंद करू नका, नाहीतर परत २३६. सकाळची पहिली वेळ मागा. आदल्या दिवशी जड काम, जिने चढउतार नको, आणि स्वेटर घालून आणा, थंडी वाजली की मानेभोवतीची चरबी चमकते आणि आमची उगाच धावपळ होते. इंजेक्शननंतर दिवसभर नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, हे अण्णांना आधीच सांगा, सगळे आजोबा तिथंच भांडतात.